सोलापुरात, ग्रंथोत्सवाच्या आठवड्यात

सोलापुरात उतरणारे बरेचसे लोक पुढे निघालेले असतात. कुणाला पंढरपूर गाठायचं असतं, कुणाला तुळजापूर, कुणाला अक्कलकोट, तर कुणी गोल घुमट बघायला विजापूरला निघालेला असतो. स्टेशनाबाहेर रिक्षावालाही तेच विचारतो, "अक्कलकोट का तुळजापूर?" या गावात चार दिवस नुसतं राहावं, असं फार कुणी ठरवून येत नाही. मला मात्र जानेवारीच्या शेवटी आठवडाभर इथंच राहायचं होतं. मावशीचं घर पूर्व भागात, हुरड्याचे दिवस, आणि त्याच आठवड्यात जिल्ह्याचा ग्रंथोत्सव. हे तिन्ही एकत्र जुळून आलं होतं.

सोलापूरकरांचा आठवडा पाण्यावर चालतो. उजनी धरणाचं पाणी सुमारे 110 किलोमीटरच्या जलवाहिनीतून इथं येतं आणि नळाला काही दिवसांआड सुटतं. पाण्याच्या दिवशी गल्लीत कुणी गावाला जात नाही, कुणी बाहेरचं काम काढत नाही. मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी आलं. मावशीनं हौद भरला, पिंपं भरली, घागरी, पातेली, शेवटी कुकरसुद्धा भरून ओट्यावर ठेवला. शेजारच्या अक्कांची मोटर बंद पडली होती, म्हणून त्यांची दोन पिंपं आमच्या पाइपनं भरली. अक्का तेलुगू, मावशी मराठी. भाजी, पाणी, भिशी आणि मुलांचे मार्क या विषयांवर दोघी बोलतात तेव्हा वाक्य मराठीत सुरू होतं, मध्ये हिंदीचा हात धरतं आणि हसण्यापाशी तेलुगूत जातं. तीस वर्षांच्या शेजारानं तयार झालेली ही भाषा त्या दोघींना पुरते.

पूर्व भागातली बहुतेक घरं पद्मशाली विणकरांची. तेलंगणातून आलेल्या या लोकांनी सोलापूरला कापडाचं गाव केलं. 1877 मध्ये इथं सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल निघाली, गावाच्या तोंडी ती 'जुनी गिरणी'. पुढे लक्ष्मी-विष्णू आली, नरसिंग गिरजी आली. गिरण्यांचे भोंगे आता बंद झाले आहेत, माग मात्र चालू आहेत. गल्लीत शिरलं की यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो आणि दोन दिवसांत कानाला तो इतका सवयीचा होतो की, वीज गेल्यावरच त्याची आठवण होते.

अक्कांचे दीर अण्णा, त्यांच्या कारखान्यात मी एक अख्खी दुपार काढली. मागाच्या वर जॅकार्डचं यंत्र बसवलेलं असतं आणि त्यावरून भोकं पाडलेल्या जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरत राहते. इथं त्यांना पत्ते म्हणतात. जिथं भोक असेल तिथं सुई आत शिरते, तिला जोडलेला ताण्याचा धागा वर उचलला जातो आणि खालून धोटा निघून जातो. जिथं भोक नाही तिथला धागा खालीच राहतो. एक पत्ता म्हणजे नक्षीची एक रेघ. मोराचा पिसारा उमटायला अशा रेघांची मोठी माळ लागते आणि एक पत्ता उलटा बसला तरी मोराची मान तुटते. चादर दुपदरी विणतात, त्यामुळे ती दोन्ही अंगांनी वापरता येते: एका बाजूला जमिनीचा असलेला रंग दुसऱ्या बाजूला नक्षीचा होतो. हल्ली बऱ्याच ठिकाणी संगणकावर चालणारे जॅकार्ड आले आहेत आणि चादरीपेक्षा टॉवेलचं काम वाढलं आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींनाही भौगोलिक मानांकन आहे. तरीही दुसऱ्या गावांत 'सोलापुरी' म्हणून भलतीच चादर विकली जाते. ती ओळखायची कशी, असं विचारल्यावर अण्णांनी चादर हातात दिली आणि वजन करून बघायला सांगितलं. ती खरोखरच जड होती.

माग पुरुषांकडे, तर विडी बायकांकडे, अशी इथली जुनी वाटणी. अक्का सकाळची भांडी आवरली की सूप मांडीवर घेऊन दारात बसतात. भिजवून मऊ केलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. बोटं थांबत नाहीत आणि नजर सुपावर नसतेच. ती गल्लीत, टीव्हीवर, नातीच्या गृहपाठावर.

अक्कांची बहीण कुंभारीला राहते. तिच्याकडे आम्ही एका संध्याकाळी गेलो. शहराला लागून असलेल्या कुंभारीत विडी कामगार बायकांची 10,000 घरांची वसाहत आहे. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकारानं ती उभी राहिली आणि 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्ते घरं दिली गेली. पुढे तिथंच रे नगर झालं, त्यातल्या 15,000 घरांचा ताबा 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आला. पहिल्या वसाहतीला नाव आहे गोदूताई परुळेकरांचं. वारली आदिवासींच्या लढ्यावर 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिणाऱ्या आणि त्यासाठी 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणाऱ्या गोदूताई. तेलुगू बोलणाऱ्या हजारो विडी कामगार बायका आपला पत्ता लिहिताना एका मराठी लेखिकेचं नाव लिहितात, हे मला फार मोलाचं वाटलं. अशी वसाहत मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मावशीकडे जेवणाचा प्रश्नच नव्हता. शेंगा चटणी ती अजून उखळातच कुटते. भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, मीठ, लाल तिखट. मिक्सरला लावली तर कोरडी पूड होते. कुटली की दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी मुठीत धरली तर गोळा होतो. सोबत कडक भाकरी. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी पातळ थापून भाजायची आणि पार वाळेपर्यंत ठेवायची. मग ती महिनाभर टिकते. पूर्वी शेतावर, प्रवासात न्यायची ही सोय होती. आता कितीतरी बायकांचा तो घरगुती धंदा आहे आणि पाकिटं पुण्या-मुंबईलाच काय, परदेशातही जातात.

सकाळी फिरायला सिद्धेश्वर तलाव. पाण्याच्या मधोमध मंदिर, एका अंगाला भुईकोट किल्ला. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा नुकतीच सरली होती, तरी होम मैदानावर पाळणे अजून फिरत होते. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी हा तलाव खोदवला आणि गावाभोवती 68 लिंगं स्थापली. बसवेश्वर, अल्लमप्रभू यांच्या काळातले हे शिवशरण संत. त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. संक्रांतीच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात आणि संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. कुंभाराच्या मुलीनं सिद्धरामांशी लग्नाचा आग्रह धरला आणि योग्याच्या दंडाशी तिचं लग्न लागलं, ही त्यामागची कथा. अक्षता पडण्याआधी कन्नड संमती वाचली जाते. समोर लाखभर माणसं असतात; मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी, पांढऱ्या बाराबंदीतली. नक्की कुठल्या शब्दाला अक्षता टाकायच्या हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

गावात फिरताना चार हुतात्म्यांचे पुतळे वाटेत येतातच. 1930 च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं. पुण्याहून येणारी हुतात्मा एक्सप्रेस याच चौघांच्या नावाची. भैया चौकाच्या बाजूला डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर स्मारक म्हणून जपलं आहे. 1938 मध्ये जखमी चिनी सैनिकांवर उपचार करायला गेलेला हा सोलापूरचा डॉक्टर 1942 मध्ये तिथंच वारला.

कुडलला जायचं मी आधीपासून ठरवलं होतं. दक्षिण सोलापूर तालुक्यात, शहरापासून साधारण 40 किलोमीटरवर हत्तरसंग कुडल आहे. तिथं सीना भीमेला मिळते. संगमावर संगमेश्वराचं जुनं देऊळ, आणि आवारात एक अद्भुत शिवलिंग, त्याच्या अंगावर ओळीनं कोरलेले 359 चेहरे. पण माझी ओढ तुळईवरच्या लेखाकडे होती. शके 940, म्हणजे इसवी सन 1018 चा हा शिलालेख. आजवर सापडलेल्या अगदी पहिल्या मराठी लेखांत त्याची गणना होते. सोलापूरचे इतिहास संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. गावोगावच्या देवळांत, शेताच्या बांधावर, पडक्या भिंतींत दगड शोधत फिरलेला हा माणूस. लेखातली मराठी ओळ म्हणते की, जो हे वाचील त्याचा विजय होईल. दान कुणी दिलं, राजा कोण, हे इतर शिलालेखांत असतं. इथं मराठीत कोरलेला आशीर्वाद आहे तो वाचणाऱ्याला. अक्षरं शोधायला मला बराच वेळ लागला. ऊन तिरकं पडलं, तेव्हा कुठं रेघा उठून दिसल्या. आसपासच्या गावांत कन्नड सर्रास चालते. मला वाट दाखवणारा मुलगा घरी कन्नड बोलतो आणि शाळेत मराठी शिकतो. त्यानं एकेक अक्षर बोटानं दाखवलं.

मावशीला सोबत घेऊन ग्रंथोत्सव शनिवारी गाठला. राज्याच्या ग्रंथालय संचालनालयातर्फे दर जिल्ह्यात असा उत्सव होतो. सकाळी ग्रंथदिंडी निघाली. पालखीत ज्ञानेश्वरी, तुकारामांची गाथा आणि संविधान. पुढे लेझीम खेळणारी शाळेची मुलं, मागे तालुक्यांतून आलेले ग्रंथपाल, डोक्यावर टोपी, काखेत पिशवी. दिंडी संपली, भाषणं सुरू झाली, आणि ग्रंथपाल मंडळी हळूच उठून गाळ्यांकडे सरकली. मीही त्यांच्यामागे गेले.

सगळ्यात जास्त गर्दी होती शासकीय ग्रंथागाराच्या गाळ्यावर. महात्मा फुले समग्र वाङ्मय, डॉ. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड, जुनी गॅझेटिअर्स, साहित्य संस्कृती मंडळाची पुस्तकं. जाडजूड खंड आणि किंमत एवढी कमी की, माणूस दोनदा मागचं पान बघतो. निळं उपरणं घेतलेले एक आजोबा खंडांचे क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून आले होते. त्यांच्याकडचा संच पुरा व्हायला दोन खंड हवे होते. एक मिळाला. पैसे देण्याआधीच त्यांनी तो उघडला आणि तिथंच खुर्ची ओढून वाचायला बसले.

सोलापूरच्या लेखकांची पुस्तकं एका टेबलावर मांडली होती. मी तिथं सगळ्यात जास्त वेळ रमले, कारण गावाचा एवढा मोठा वारसा एका टेबलावर क्वचित दिसतो. पेशवाईतले शाहीर राम जोशी इथले. कवी कुंजविहारी, कवी संजीव, दत्ता हलसगीकर इथले. 'डांगोरा एका नगरीचा' या कादंबरीसाठी 2003 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे त्र्यं. वि. सरदेशमुख मूळचे अक्कलकोटचे. प्राकृत ग्रंथांच्या अभ्यासकांना जगभर ठाऊक असलेली जीवराज जैन ग्रंथमाला इथलीच, आ. ने. उपाध्ये आणि हीरालाल जैन यांनी संपादलेला 'तिलोयपण्णत्ती' हा तिचा पहिला ग्रंथ 1943 मध्ये निघाला. पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन 1990 मध्ये सोलापुरात भरलं आणि त्यामागच्या मंडळींत विचारवंत फक्रुद्दीन बेन्नूर होते. जेऊरच्या नागराज मंजुळेंच्या 'उन्हाच्या कटाविरुद्ध' या कवितासंग्रहाला पुरस्कार मिळाला तोही सोलापूरचाच, भैरूरतन दमाणी पुरस्कार. आणि मराठी घराघरांत खिळ्याला टांगलेलं पुस्तक, दाते पंचांग, तेही शंभरहून अधिक वर्षं सोलापुरातून निघतं.

या टेबलावर मारुती चितमपल्लींची पुस्तकं मधोमध होती. 1932 मध्ये सोलापुरात जन्मलेले, घरची भाषा तेलुगू. वनखात्यात नोकरी करताना जंगलं पायी तुडवली, आदिवासींकडून आणि जुन्या ग्रंथांतून पाखरांची, झाडांची नावं गोळा केली आणि मराठीला शेकडो शब्द दिले. 1941 मध्ये वि. स. खांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सोलापुरात मराठी साहित्य संमेलन झालं होतं. 2006 मध्ये ते पुन्हा इथं भरलं तेव्हा अध्यक्ष चितमपल्ली होते. आयुष्याच्या शेवटी ते आपल्या गावी परतले, 2025 मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी 18 जूनला सोलापुरातच गेले. घरची भाषा एक, लिहिण्याची दुसरी, आणि दोन्हींवर जीव. हे सोलापूरकराला नवं नाही. म्हणूनच मला फार वाटतं की, या गावच्या ग्रंथोत्सवात तेलुगू, कन्नड आणि उर्दू पुस्तकांचा एकेक गाळा मानानं मांडला जावा. इथं वाचक आहेत. सिद्धरामांच्या वचनांचे मराठी अनुवाद आणि मूळ कन्नड शेजारी शेजारी ठेवले, तर एकाच घरातले आजोबा आणि नात ती घेऊन जातील.

दुपारी एका ग्रंथपाल काकांशी ओळख झाली. मंगळवेढ्याकडच्या एका गावात त्यांचं 'ड' वर्गाचं वाचनालय आहे. महाराष्ट्रात 1967 च्या कायद्यानं सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदान मिळतं. अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ड म्हणजे सगळ्यात लहान. अनुदान थोडं, त्यातून वर्तमानपत्रांचं बिल, जागेचा खर्च, नावापुरता पगार, आणि उरलेल्यातून पुस्तकं. काकांकडे वहीतून फाडलेली चार पानांची यादी होती. डावीकडे पुस्तकाचं नाव, उजवीकडे ते मागणाऱ्या वाचकाचं. पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेची मागणी सर्वांत जास्त, मग कादंबऱ्या, मग डाळिंबावरच्या रोगांचं पुस्तक. प्रत्येक गाळ्यावर ते सवलतीची घासाघीस करत होते. दहा टक्क्यांवरून वीस, वीसवरून पंचवीस. "पाच टक्के वाढवले की दोन पुस्तकं जास्त येतात, ताई," ते म्हणाले. बिल मात्र प्रत्येक ठिकाणी पक्कं हवं, कारण तपासणीला तेच लागतं. संध्याकाळी कविसंमेलन रंगलं. दखनीत कविता म्हणणाऱ्या एका तरुणाला सभागृहानं तीनदा परत बोलावलं. काकांना शेवटची एसटी गाठायची होती, त्यांचे गठ्ठे उचलायला आम्ही दोघींनी हात दिला. जाताना त्यांनी मावशीला आणि मला दुसऱ्या दिवशी हुरड्याला बोलावलं.

मंगळवेढा म्हणजे दामाजीपंतांचं, चोखोबांचं, कान्होपात्रेचं गाव आणि ज्वारीचं कोठार. काळी, खोल जमीन. पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवरच रब्बीची ज्वारी वाढते, वरून पाणी द्यावं लागत नाही. इथल्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, आणि राज्यभर पेरलं जाणारं मालदांडी 35-1 हे वाण याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलं गेलं. हुरड्याची ज्वारी मात्र वेगळी, गुळभेंडी. शेतात आगटी पेटवली होती. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजायची, गरम गरमच तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हिरवे, गोडसर दाणे थेट पुढच्याच्या हातात. सोबत शेंगा चटणी, गूळ, कवडी दही. चोळणाऱ्याचे तळहात लाल होतात. काकांच्या सूनबाई तासभर चोळत होत्या आणि आम्हाला हात लावू देत नव्हत्या.

दुपारी आम्ही वाचनालयात गेलो. ग्रामपंचायतीशेजारी दोन खोल्या, लोखंडी कपाटं, एक लांब टेबल. काकांनी आदल्या दिवशीची पुस्तकं टेबलावर लावली आणि दाखल रजिस्टर उघडलं. क्रमांक, तारीख, लेखक, नाव, प्रकाशक, पानं, किंमत, बिल क्रमांक. एक पुस्तक नोंदवलं की पहिल्या पानावर आणि ठरलेल्या आतल्या पानावर शिक्का. मावशी शिक्के मारायला बसली, मी लेबलं चिकटवली. तासाभरात दार भरून गेलं. भरतीची तयारी करणाऱ्या दोन मुली, ऊसतोडीहून आठवड्याची सुट्टी काढून आलेला एक जण, हायस्कूलचे निवृत्त मास्तर. "नोंद झाल्याशिवाय पुस्तक नाही," काका मान वर न करता म्हणाले, आणि कुणीही हललं नाही. पहिलं पुस्तक गेलं पोलीस भरतीचं, दोघी मुलींच्या नावावर मिळून, कारण प्रत एकच होती. दुसरं चितमपल्लींचं 'रानवाटा', मास्तरांकडे. डाळिंबाचं पुस्तक मागणारा शेतकरी आला नव्हता, काकांनी ते बाजूला काढून त्यावर त्याच्या नावाची चिठ्ठी लावली आणि मास्तरांना सांगितलं, "मंगळवारी बाजारात दिसला तर म्हणावं, पुस्तक आलंय."